देवाला शेवट ठाऊक असेल, तर प्रयत्न कशासाठी?

प्रश्न : एका वाचक भगिनीच्या दीर्घ पत्राचा हा सारांश. त्या ख्रिस्ती कुटुंबात वाढल्या असून आपल्या मंडळीतील तरुणांचा बायबल अभ्यासवर्ग चालवतात. त्यांचा धाकटा भाऊ काही वर्षांपासून दारूच्या व्यसनात आहे. मध्यंतरी त्याने ती सोडली होती, पण काही महिन्यांतच पुन्हा सुरू केली. उपचारांसाठी त्याला राजी करू पाहताना तो म्हणाला, “मी सुटणार की नाही हे देवाला आधीच माहीत आहे. सुटणार असेन तर सुटेनच, आणि सुटणार नसेन तर डॉक्टर काय करणार?” भगिनींना उत्तर सुचले नाही. पुढे अभ्यासवर्गातही एका तरुणाने जवळपास हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी विषय बदलला. मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी तर ‘असे प्रश्न मनात येणे हेच अविश्वासाचे लक्षण’ असे सांगितले. आता भावासाठी प्रार्थनेला बसले की “जे ठरलेलेच आहे ते मागायचे कशाला?” हा विचार येऊन शब्द थांबतात. भावाला काय सांगावे, वर्गाला काय सांगावे आणि स्वतः प्रार्थना कशी करावी, असे त्या विचारतात.

उत्तर :

प्रिय भगिनी,

वडीलधाऱ्यांचे ते वाक्य आधी बाजूला ठेवू. हा प्रश्न पडणे अविश्वासाचे लक्षण असेल, तर ऑगस्टीन, अॅन्सेल्म आणि थॉमस अॅक्वायनस या थोर ख्रिस्ती धर्मचिंतकांनाही अविश्वासी म्हणावे लागेल, कारण त्यांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. प्रश्न मुळात पवित्र शास्त्रातूनच उभा राहतो. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की माझ्या जिभेवर शब्द येण्याआधीच परमेश्वराला तो पूर्ण ठाऊक असतो. आणि अनुवादाच्या तिसाव्या अध्यायात मोशे लोकांपुढे जीवन व मरण ठेवून जीवन निवडण्याची आज्ञा देतो. ही दोन्ही वचने मनावर घेणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. ज्याला तो कधीच पडला नाही, त्याने बहुधा दोहोंपैकी एकच वचन वाचलेले असते.

तुमच्या पत्रातील एक गृहीत मला अधिक महत्त्वाचे वाटले. तुमचा भाऊ, वर्गातील तो तरुण आणि तुम्ही स्वतः, तिघेही एकच प्रश्न विचारत आहात, आणि म्हणून त्याचे एक पक्के उत्तर सापडले की तिन्ही ठिकाणी ते चालेल, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे दिसत नाही. वर्गातील तरुणाचा प्रश्न तर्काचा आहे. तुमचा प्रश्न देवावरील भरवशाचा आहे. भावाचे वाक्य मात्र प्रश्नाच्या रूपात असले, तरी तो प्रश्न नाही. एकदा प्रयत्न करून हरलेल्या माणसाने काढलेला तो निष्कर्ष आहे, आणि देवाचे सर्वज्ञपण त्याला आधार म्हणून जोडलेले आहे. “मला आता जमणार नाही” असे बहिणीजवळ कबूल करण्यापेक्षा “देवाला ठाऊकच आहे” असे म्हणणे कमी लाजिरवाणे असते. म्हणून तर्काचे उत्तर तुम्ही नीट समजून घ्यावे, पण ते भावावर फेकू नये, असा माझा आग्रह आहे.

आता तर्काकडे येतो. तुमच्या भावाने जे म्हटले ते, उदाहरणासकट, दोन हजार वर्षांहून जुने आहे. ‘तू बरा होणार असे विधिलिखित असेल, तर वैद्याला बोलाव किंवा बोलावू नकोस, तू बरा होशीलच’ या युक्तिवादाला ग्रीक लोक आळशी युक्तिवाद म्हणत. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकातील क्रिसिपस या तत्त्वज्ञाने त्यातील खोट दाखवली होती, आणि इसवी सन २४८ च्या सुमारास ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने सेल्सस या टीकाकाराला उत्तर देताना तोच मुद्दा वापरला : ‘तुला मूल होणार असे ठरलेले असेल, तर तू स्त्रीजवळ जा किंवा जाऊ नकोस, मूल होईलच’ असे कोणी म्हणेल का? हे ऐकून वर्गातील तरुण हसतील, आणि हसू द्यावेत. पण त्यामागचा मुद्दा पक्का आहे. शेवट ठाऊक असणे म्हणजे शेवटापर्यंतचा मार्गही ठाऊक असणे. देवाला कोणाचे बरे होणे ठाऊक असेल, तर त्याने डॉक्टरांकडे जाणे, गोळ्या घेणे, पुन्हा घसरणे आणि पुन्हा उभे राहणे हेही त्याच ज्ञानात आहे. मार्ग वगळून नुसता शेवट ठाऊक असलेला देव सर्वज्ञ म्हणताच येणार नाही.

याचे नव्या करारातील सर्वांत स्पष्ट चित्र प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे, आणि अशा चर्चांमध्ये ते इतके क्वचित का वाचले जाते, याचे मला नेहमी नवल वाटते. पौल कैदी म्हणून रोमकडे जात असताना तारू वादळात सापडते. तारवावर दोनशे शहात्तर माणसे आहेत. देवाचा दूत पौलाला सांगतो की तुझ्याबरोबरच्या सर्वांचे प्राण तुला दिले आहेत, आणि पौल ते सर्वांना सांगूनही टाकतो : तारू जाईल, पण जीव एकाचाही जाणार नाही. म्हणजे शेवट घोषित झाला. त्यानंतर खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून लहान होडी पाण्यात सोडतात आणि निसटू पाहतात. तुमच्या भावाच्या तर्काप्रमाणे पौलाने त्यांना खुशाल जाऊ द्यायला हवे होते, कारण सगळे वाचणार हे ठरलेच होते. तो मात्र शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या अधिकाऱ्याला, सांगतो की हे लोक तारवात राहिले नाहीत, तर तुम्ही वाचू शकणार नाही, आणि शिपाई त्या होडीचे दोर कापून टाकतात. मग हाच पौल चौदा दिवसांच्या उपाशी माणसांना जेवायला सांगतो, कारण जीव वाचवायला ताकद लागेल. एकाच तोंडून, एकाच वादळात, ‘सगळे वाचतील’ आणि ‘हे केले नाही तर वाचणार नाही’ ही दोन्ही वाक्ये येतात, आणि पौलाला त्यांत विसंगती वाटत नाही. दूताने दिलेले वचन होडीचे दोर कापण्यातून आणि भाकरी खाण्यातून पूर्ण झाले.

येथे तुम्ही विचाराल, आणि वर्गातील तो तरुण नक्की विचारेल, की मार्गही ठाऊक असेल तर तो मार्ग तरी माझा कसा? मी उद्या डॉक्टरांकडे जाणार नाही हे देवाला ठाऊक असेल, तर मी जाऊच शकत नाही, असे नाही का?

येथे दोन वेगळी विधाने एकमेकांत मिसळतात. ‘देवाला ठाऊक आहे ते घडतेच’ हे खरे आहे, कारण खोट्या गोष्टीला ज्ञान म्हणत नाहीत. पण ‘देवाला ठाऊक आहे म्हणून त्या माणसाला दुसरे काही करणे अशक्य होते’ हे त्यातून निघत नाही. पहिल्या विधानात अटळपणा आहे तो ज्ञान आणि घटना यांच्या जुळण्यात. दुसऱ्यात तो उचलून माणसाच्या हातापायांवर ठेवलेला आहे. ओरिजेनने ख्रिस्ताने वर्तवलेल्या, त्याचा शिष्य यहूदा याच्या विश्वासघाताविषयी हेच म्हटले होते : भाकीत झाले म्हणून घटना घडत नाही, घटना घडणार असते म्हणून भाकीत करता येते. ऑगस्टीनने स्मृतीचा दाखला दिला. तुम्हाला काल घडलेले आठवते, म्हणून तुमच्या आठवणीने ते घडवले असे होत नाही. त्याचप्रमाणे देवाचे पूर्वज्ञान पुढचे घडवून आणत नाही. ऑगस्टीनपूर्वी रोमन वक्ता सिसेरोला या पेचातून सुटण्यासाठी देवांचे पूर्वज्ञानच नाकारणे सोयीचे वाटले होते. ऑगस्टीनने आपल्या ग्रंथात त्याला उत्तर देताना दोन्ही गोष्टी राखल्या, आणि आमची इच्छाशक्तीही देवाला ठाऊक असलेल्या कारणांच्या मालिकेत एक खरे कारण आहे, असे मांडले.

स्मृतीचा दाखला चांगला असला, तरी पुरा पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तर्कशास्त्रात मुरलेला कोणी म्हणेल : भूतकाळ कोणालाही बदलता येत नाही; देवाला माझ्याविषयी जे ठाऊक होते ते हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होते, म्हणजे ते भूतकाळात जमा झाले; मग आज मला वेगळे वागता येईल असे म्हणणे म्हणजे भूतकाळ बदलता येईल असे म्हणणे नव्हे का? नेल्सन पाइक या तत्त्वज्ञाने १९६५ मध्ये हा युक्तिवाद धारदारपणे मांडला आणि तेव्हापासून त्यावर लिखाण थांबलेले नाही.

त्याला माझ्या मते सर्वांत खोल उत्तर तुरुंगातून आले आहे. बोएथियस हा रोमन विद्वान राजा थिओडोरिकच्या दरबारात उच्चपदावर होता. राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला कैदेत टाकण्यात आले आणि ५२४ च्या सुमारास ठार मारण्यात आले. कैदेत लिहिलेल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्याने नेमका हाच प्रश्न घेतला. त्याचे म्हणणे असे की आपण देवाला काळाच्या ओळीत आपल्या मागे कोठेतरी उभे करतो आणि तेथून तो पुढे पाहतो असे समजतो. पण देवाचे जीवन असे तुकड्यातुकड्यांनी चालत नाही, ते संपूर्ण एकाच वेळी त्याच्याजवळ असते. म्हणून जे आपल्याला उद्या आहे, ते त्याला समोर आहे. मी एखाद्या माणसाला चालताना पाहतो, तेव्हा तो चालत आहे हे निश्चित असते, पण माझे पाहणे त्याला चालायला लावत नाही. हा माणूस आपल्या मृत्यूची वाट पाहत असताना हे लिहीत होता, हे मी सांगतो ते त्याचा तर्क त्यामुळे अधिक बरोबर ठरतो म्हणून नव्हे, तर हा प्रश्न रिकाम्या वेळेचा खेळ आहे, असे म्हणणाऱ्यांना दाखवण्यासाठी.

इतरही वाटा आहेत. सोळाव्या शतकातील जेझुइट विद्वान लुईस दे मोलिना याने १५८८ च्या ग्रंथात असे मांडले की कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील, हेही देव जाणतो, आणि ते जाणून जग रचतो. त्यासाठी १ शमुवेल २३ मधील कईला या गावाची हकिकत दाखवतात : दावीद विचारतो की माझ्या पाठीवर असलेला राजा शौल येथे येईल का आणि कईलाचे लोक मला त्याच्या हवाली करतील का, परमेश्वर दोन्हींना होकार देतो, दावीद निघून जातो, आणि दोन्ही घडत नाही. देवाला न घडलेलेही ठाऊक होते. विचार देखणा आहे, पण जी निवड कोणी कधी केलीच नाही तिचे सत्य कशावर उभे असते, हा आक्षेप मला अजून जड वाटतो. या मतावरून जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन कॅथलिक संघांच्या विद्वानांत इतके पेटले की १५९७ पासून रोममध्ये त्याची चौकशी चालली, आणि १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणत्याच बाजूला दोषी न ठरवता, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, अशी तंबी देऊन ती संपवली. अलीकडे क्लार्क पिनॉक यांच्यासारख्या काही अभ्यासकांनी भविष्य अजून खुले आहे, म्हणून देवही ते शक्यतांच्या रूपातच जाणतो, असे सुचवले. ते मोरिया डोंगरावर मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाला उद्देशून आलेल्या ‘आता मला कळले’ या शब्दांकडे आणि योनाने भाकीत करूनही टळलेल्या निनवे नगराच्या नाशाकडे बोट दाखवतात. यशया ४६ मधील आरंभापासून शेवट सांगणाऱ्या देवाशी हे कसे जुळवायचे, ही त्यांची अडचण आहे, आणि बहुतेक मंडळ्यांनी हे मत स्वीकारलेले नाही.

तुमची मंडळी धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेतील असेल, तर तुम्ही म्हणाल की आमच्याकडे देव केवळ जाणत नाही, तो ठरवतो. तेथे प्रश्न अधिक कठीण होतो, हे मान्य. परंतु खुद्द कॅल्विनने आळशी युक्तिवादाला थारा दिलेला नाही. ज्याने आपल्या आयुष्याची मर्यादा ठरवली, त्यानेच आयुष्याची काळजी आपल्यावर सोपवली आणि ते जपण्याची साधनेही दिली, असे तो म्हणतो. याच परंपरेतील १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात देवाचा सर्वव्यापी संकल्प सांगणाऱ्या परिच्छेदातच माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही, असेही लिहिलेले आहे. म्हणजे ख्रिस्ती विचारातील हे पक्ष आपसांत कितीही भांडले, तरी ‘म्हणून डॉक्टरांकडे जाऊ नको’ हा निष्कर्ष त्यांपैकी एकाचाही नाही. वर्गासमोर एवढे जरी ठामपणे ठेवता आले, तरी पुष्कळ झाले.

आता तुमच्या भावाविषयी. त्याच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती देवाच्या पूर्वज्ञानाशी संबंधित नाही. ती अशी की त्याची इच्छा बांधलेली आहे. पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात लिहितो की जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही, आणि जे नको तेच करतो. पापाखालील माणसाची इच्छा कितपत मोकळी, यावर १५२४-२५ मध्ये विद्वान इरॅस्मस आणि धर्मसुधारक ल्यूथर यांच्यात जो वाद झाला, तो या दुसऱ्या प्रकारच्या बंधनाचा होता. भावाला आधार हवा आहे तो येथे. ‘तू मनात आणलेस तर आजच सोडशील’ असे त्याला सांगू नका. त्याने मनात आणले होते, आणि ते पुरले नाही. ‘तुझ्या एकट्याच्या जोरावर कदाचित होणार नाही, पण मदत मागणे अजून तुझ्या हातात आहे’ हे अधिक खरे आहे आणि त्याला ऐकवेलही. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या बारा पायऱ्यांतील पहिली पायरी दारूपुढे आपण हतबल आहोत याची कबुली आहे, आणि तिसरी पायरी एक निर्णय आहे, आपली इच्छा देवाच्या हाती सोपवण्याचा. हतबलता आणि निर्णय एकाच माणसाला शेजारी शेजारी करता येतात, हे तेथील सभासद ग्रंथांशिवाय जाणतात.

बोलण्यासाठी तो शुद्धीवर असेल अशी वेळ निवडा आणि देवाच्या सर्वज्ञपणावर वाद घालू नका. त्याने तो विषय काढलाच, तर एवढेच विचारा की मागच्या वेळी सुटला होतास तेव्हा काय उपयोगी पडले होते. लगेच मोठे वचन घेण्याऐवजी डॉक्टरांची एक भेट ठरवा आणि बरोबर जा. दीर्घकाळ आणि भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर झटके येण्यासारखे जिवावरचे त्रास होऊ शकतात. म्हणून प्रार्थनासभेत शपथ घेऊन त्याच रात्री बाटली फेकणे, हा धोकादायक मार्ग आहे. तो आला नाही, तरीही तुम्ही स्वतः व्यसनी व्यक्तींच्या नातेवाइकांच्या एखाद्या गटात जाऊन पाहा. त्याच्या निवडीची जबाबदारी तुम्ही स्वतःवर घेतली आहे, असे पत्रावरून मला वाटते, आणि ज्या भगिनीला भावाचे इच्छास्वातंत्र्य सिद्ध करायचे आहे तिने ते आधी स्वतः मान्य करायला हवे.

प्रार्थनेविषयीची तुमची अडचण या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटली. तुम्ही असे धरले आहे की प्रार्थना म्हणजे देवाला माहिती देणे किंवा ठरलेले बदलायला लावणे, आणि म्हणून सर्वज्ञ देवापुढे ती निरर्थक होते. परंतु मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की तुम्ही मागण्यापूर्वीच तुम्हाला कशाची गरज आहे हे तुमच्या पित्याला ठाऊक आहे, आणि लगेच पुढे प्रार्थना शिकवतो. आपण जेथे ‘म्हणून मागू नका’ असे वाक्य पूर्ण केले असते, तेथे तो ‘म्हणून असे मागा’ म्हणतो.

त्याहून अधिक मला लूकचा बाविसावा अध्याय सुचवावासा वाटतो. शिष्य शिमोन पेत्र आपल्याला नाकारणार, तेही कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा, हे येशूला ठाऊक आहे. ते सांगण्यापूर्वीच तो म्हणतो, “शिमोना, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे”. आणि पुढे, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. घसरण ठाऊक असलेला प्रभू त्या माणसासाठी प्रार्थना करतो, आणि त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींत घसरणीबरोबर परतणेही आहे. थोड्या वेळाने जैतुनाच्या डोंगरावर तो शिष्यांना, पेत्रासकट, परीक्षेत पडू नये म्हणून प्रार्थना करायला सांगतो. तुमच्या मनातील तर्क येशूला लागू केला, तर त्या रात्रीच्या या दोन्ही प्रार्थना व्यर्थ ठरतात. तुमचा भाऊ ज्या ज्ञानाला घाबरून बसला आहे ते हे ज्ञान आहे. त्याला फक्त त्याचे कालचे पडणे दिसते. तुम्ही मोठी प्रार्थना करू शकत नसाल, तर काही दिवस भावाचे नाव घेऊन याच वचनापाशी थांबा.

वर्गाच्या पुढच्या बैठकीत विषय पुन्हा घ्या आणि मागच्या वेळी आपण तो टाळला हे सरळ सांगा. प्रेषितांची कृत्ये २७ संपूर्ण वाचा, आणि पौलाची ती दोन वाक्ये कशी जुळतात हे तरुणांनाच मांडू द्या. कोणीतरी यहूदाविषयी विचारेलच : तो विश्वासघात करणार हे ठाऊक असूनही देवाने त्याला निर्माण का केले? हा प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा राहत नाही, तो देवाच्या चांगुलपणाचा आणि जगातील दुष्टतेचा होतो. त्याला पूर्वज्ञानाच्या चर्चेत घाईने गुंडाळले, तर दोन्ही बिघडतात. त्यासाठी स्वतंत्र बैठक ठेवा आणि शक्य असल्यास रोमकरांस पत्राचा नववा अध्याय नीट शिकवू शकणाऱ्या पाळकांना त्या दिवशी बोलवा.